आधी खांबाचा नंबर, मग ड्रोन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मृगाची पहिली सर आली की गोव्यात वीज जाते, ही आता कुणाला बातमीही वाटत नाही. त्यावर उपाय म्हणून ड्रोनने वीजवाहिन्यांचे फोटो काढायचे, ते संगणकाला दाखवायचे आणि फुटका इन्सुलेटर (तारेतली वीज खांबात उतरू न देणारा चिनी मातीचा किंवा काचेचा भाग) किंवा सैल क्लॅम्प त्यानेच हुडकून द्यायचा, ही कल्पना अलीकडे जोरात मांडली जाते. तंत्र खरे आहे आणि नीट वापरले तर उपयोगी आहे. मात्र जाहिरातीत दिसते तो उंच मनोरा, निळे आकाश आणि काचेच्या डिस्कची लांब माळ. आपली वीज जाते ती माडाच्या भाटातून गेलेल्या ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) सिमेंटच्या खांबावर. हा फरक ध्यानात न घेता ड्रोन विकत घेतले तर फोटोंचा ढीग होईल आणि वीज जायची तशीच जात राहील.

बिघाड कसा होतो ते आधी पाहू. हरमल, मोरजी, कळंगुटपासून कोलवा, बाणावली, पाळोळेपर्यंतच्या पट्ट्यात ऑक्टोबर ते मे खारा वारा इन्सुलेटरवर मिठाचा थर चढवत राहतो. कोरडे मीठ वीज वाहून नेत नाही, ओले झाले की नेते. म्हणून धो धो पावसापेक्षा पहिली रिमझिम किंवा डिसेंबर-जानेवारीतले पहाटेचे दव जास्त घातक ठरते. मुसळधार पाऊस मीठ धुऊन टाकतो, रिमझिम ते नुसते भिजवते. पृष्ठभागावरून गळती सुरू होते, ठिणग्या पडतात आणि शेवटी फ्लॅशओव्हर होऊन (वीज इन्सुलेटरवरून खांबाकडे उडी मारून) फीडर, म्हणजे उपकेंद्रातून त्या भागाला जाणारी वाहिनी, आपोआप बंद (ट्रिप) होतो. डिचोली, सांगे, धारबांदोडा या खाणपट्ट्यात मिठाची जागा खनिजाची धूळ घेते. सत्तरी, काणकोणकडे झाडे हाच मोठा प्रश्न: बांबू, आकेशिया, फणस आणि वाऱ्यात तारेवर येऊन पडणारे चुडत (माडाची झावळी).

दुसरे कारण खुद्द इन्सुलेटरमध्ये असते. उन्हात तापलेली चिनी माती पहिल्या पावसात तडकते असे आपण ऐकतो. तडा अनेकदा आधीचाच असतो. आतली पोलादी पिन गंजून फुगते, पिन आणि चिनी मातीमधले सिमेंटही वर्षानुवर्षे सूज धरते आणि माती आतून उलते. पाऊस त्या केसाएवढ्या भेगेत शिरतो, एवढेच.

आता फोटोत यातले काय दिसते? फुटलेली किनार, फ्लॅशओव्हरचा काळा किंवा चकाकी गेलेला डाग, बाइंडिंग सुटलेली तार, तुटून पिंजऱ्यासारखे फुगलेले तारेचे पेड, गंजलेला क्रॉस आर्म (खांबावरची आडवी पट्टी), सिमेंट निखळून सळ्या उघड्या पडलेला खांब, सैल पडलेली स्टे वायर (खांबाला ताणून धरणारी तार), खाली लोंबणारी डीओ फ्यूजची (जळला की खाली सुटणाऱ्या फ्यूजची) नळी, लाइटनिंग अरेस्टरची (आकाशातल्या विजेचा झटका जमिनीत उतरवणाऱ्या साधनाची) सुटलेली अर्थची तार, ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगखाली (तार आत शिरते तिथल्या इन्सुलेटरखाली) तेलाचा ओघळ. हे सगळे दिसते. ब्रीदरमधल्या (ट्रान्सफॉर्मरमध्ये जाणारी हवा कोरडी करणाऱ्या डबीतल्या) सिलिका जेलचा रंगसुद्धा फोटोवरून वाचता येतो: निळे जेल ओलाव्याने गुलाबी होते, नारिंगी हिरवट होते. फक्त संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात संगणक हमखास फसतो, म्हणून त्या फोटोत एक पांढरे कार्ड धरावे लागते.

आणि न दिसणारे? चिनी मातीच्या आतला पंक्चर (विजेने पाडलेले आरपार भोक), मिठाचा थर नेमका किती, अर्थिंगचा रोध, ॲल्युमिनियमच्या पेडांखाली गंजत गेलेला पोलादी गाभा. समुद्रकाठच्या एसीएसआर (पोलादी गाभ्याभोवती ॲल्युमिनियमचे पेड असलेल्या) तारांना हे शेवटचे दुखणे फार, आणि वरून तार ठणठणीत दिसते. यासाठी मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र), अर्थ टेस्टर, धुलाईचे वेळापत्रक आणि तारेचे वय हीच साधने आहेत. कॅमेरा त्यांच्याऐवजी येऊ शकत नाही. जिथे भूमिगत केबल झाली तिथेही त्याचे काम फारसे उरत नाही.

दुसऱ्यांच्या फोटोंवर शिकलेले तयार मॉडेल (फोटोतले दोष ओळखायला शिकवलेला संगणक प्रोग्राम) इथे का अडखळते, याचे एक बोलके उदाहरण आहे. या विषयातल्या संशोधनात सीपीएलआयडी नावाचा चिनी फोटोसंच फार वापरला जातो. त्यात एकूण ८४८ फोटो. ६०० चांगल्या इन्सुलेटरचे आणि २४८ सदोष. हे २४८ सदोष फोटो मुळात संगणकावर जोडून बनवलेले आहेत. त्यातला दोष म्हणजे माळेतली एक डिस्क गायब. टफन्ड काचेच्या डिस्कचे असे खरेच होते: ती फुटली की पुरी भुगा होऊन गळते, मधे बुंधा तेवढा राहतो, आणि लांबूनही कळते. आपल्या ११ केव्हीच्या पिन इन्सुलेटरला माळच नसते. तो गळून पडत नाही. तडकतो, किनारीला टवका उडतो, माथ्याच्या खाचेत जळतो. त्या संचावर ९५ टक्के गुण मिळवणारे मॉडेल आपल्या खांबापुढे जवळजवळ आंधळे असते. बनावट फोटोंचा आणखी एक उपद्रव म्हणजे संगणक दोष शिकण्याऐवजी चित्र चिकटवल्याची कड शिकून बसतो.

फोटो कसा काढायचा याचे गणित कंत्राटाच्या कागदात क्वचितच दिसते, आणि खरी गोम तिथेच आहे. १ इंची सेन्सरचा, ५४७२ पिक्सेल रुंदीचा आणि ८.८ मिलिमीटर लेन्सचा कॅमेरा घ्या. त्याचा एक पिक्सेल सुमारे २.४ मायक्रॉनचा. १० मीटरवरून पाहिले तर एका पिक्सेलमध्ये वस्तूचा २.७ मिलिमीटर भाग मावतो. डिस्कच्या जोडातली स्प्लिट पिन (जोड निसटू नये म्हणून घातलेली दुभंगलेली खीळ) ३-४ मिलिमीटर जाडीची; ती ओळखायला रुंदीत निदान ४-५ पिक्सेल हवेत. म्हणजे एका पिक्सेलला १ मिलिमीटरहून कमी. त्यासाठी एकतर तारेपासून तीन मीटरवर जायचे, जे जिवंत वाहिनीजवळ करू नये, किंवा चौपट लांब, सुमारे ३५ मिलिमीटरची लेन्स लावायची. तेव्हा १० मीटरवरून एका पिक्सेलला ०.७ मिलिमीटर पडतो. फोनवरचा डिजिटल झूम हा झूमच नव्हे. तो आहे तेच चित्र ताणतो, त्यात नवा तपशील भरत नाही.

हालचालीचेही तसेच. ड्रोन सेकंदाला २ मीटर वेगाने जाताना १/५०० सेकंदाचा फोटो घेतला तर चित्र ४ मिलिमीटर फरफटते. पिन त्यात पुसून जाते. खांबापाशी थांबा, मगच बटण दाबा. खांबाच्या मागे उजळ आकाश असेल तर कॅमेरा इन्सुलेटर काळा करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर एक-दोन पायऱ्या वाढवावे आणि सूर्य पाठीशी ठेवावा. पांढरा इन्सुलेटर ढगाळ आकाशापुढे आणि तपकिरी इन्सुलेटर जांभ्या दगडाच्या डोंगरापुढे हरवतो. तिथे बाजू बदलून दुसरा फोटो घेण्यावाचून गत्यंतर नाही.

एवढे करून आणलेला फोटो पुढे संगणकातच नासतो, तो असा. योलोसारखी (फोटोतल्या वस्तू शोधणारी) बहुतेक मॉडेल चित्र ६४० पिक्सेलपर्यंत लहान करून पाहतात. ५४७२ चे ६४० म्हणजे साडेआठ पटीने घट. मूळ फोटोत ६ पिक्सेल असलेली पिन तिथे एका पिक्सेलहूनही लहान होते, म्हणजे संगणकाच्या लेखी नाहीच. उपाय सोपा आहे: मूळ फोटोचे ६४० किंवा १२८० पिक्सेलचे तुकडे करा, कडेला पडलेला दोष अर्धा कापला जाऊ नये म्हणून शेजारच्या तुकड्यांत २० टक्के भाग सामाईक ठेवा, आणि तपासणी दोन टप्प्यांत करा. पहिल्यात इन्सुलेटर, क्लॅम्प, फ्यूज, अरेस्टर कुठे आहेत ते शोधायचे. दुसऱ्यात तेवढाच भाग पूर्ण बारकाव्यासह कापून त्यात दोष आहे का ते पाहायचे. वेळ जास्त लागतो, पण तपासणीचे निकाल त्याच क्षणी लागायला हवेत असे थोडेच आहे. रात्रभर चालले तरी बिघडत नाही.

ड्रोन की जमीन, हा प्रश्न गोव्यात कायद्यानेही अर्धाअधिक सोडवला आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हिरव्या पट्ट्यात (ग्रीन झोनमध्ये) ४०० फुटांपर्यंत परवानगीविना उडवता येते. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये ही सूट २०० फुटांवर येते, आणि ८ किलोमीटरच्या आत परवानगी लागते. राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचे, त्यात दाबोळीचा विमानतळ हा नौदलाचा तळ आणि २०२३च्या जानेवारीपासून मोपाचा विमानतळही सुरू. वास्को, चिखली, बोगमाळो, तिकडे तोर्से, धारगळ इथे प्रत्येक उड्डाण कागदोपत्री काम होऊन बसेल. जिथे परवानगी सहज मिळेल तिथे माड आहेत, आणि झावळ्यांमधून ड्रोन घालणे म्हणजे नसती आफत. ११० आणि २२० केव्हीच्या मनोऱ्यांना, डोंगरातून जाणाऱ्या ३३ केव्हीला ड्रोन जरूर वापरावा. गावातल्या ११ केव्हीसाठी ऑप्टिकल झूमचा साधा कॅमेरा घेतलेला लाईनमन पुरे. खांबाचा माथा ८ मीटरवर आणि माणूस ८ मीटर बाजूला उभा असेल तर नजरेचे अंतर १० मीटरच्या आसपास पडते, म्हणजे वरचेच गणित. खालून इन्सुलेटरच्या छत्रीची आतली बाजू छान दिसते. पावसाने न धुतला जाणारा थर आणि जळाल्याच्या रेषा तिथेच असतात. माथ्याची खाच मात्र खालून दिसत नाही. तिच्यासाठी रस्त्याच्या चढावरून किंवा शेजारच्या गच्चीवरून एक फोटो, नाहीतर लांब काठीवरचा कॅमेरा, आणि ती काठी वाहिनी बंद असतानाच.

थर्मल कॅमेऱ्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण गैरसमज तिथे सर्वांत जास्त आहेत. सैल किंवा गंजलेला जोड तापतो. तांबे आणि ॲल्युमिनियम बायमेटल (दोन्ही धातूंना चालणाऱ्या) क्लॅम्पशिवाय जोडले तर हमखास. ही उष्णता साधारण प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पूर्ण भाराला जो जोड ५० अंशांनी तापेल, तो ४० टक्के भाराला फक्त ८ अंशांनी तापलेला दिसेल. म्हणून सकाळी अकराला काढलेल्या थर्मल फोटोत ‘सर्व ठीक’ आले तर ते खरे मानू नये. उन्हाळ्यात रात्री ७ ते १०, एसी जोरात असताना, जमिनीवरून फोटो घ्यावा आणि त्याच वेळचे फीडरचे अँपिअर नोंदवावे. चकाकत्या नव्या ॲल्युमिनियमची उत्सर्जकता (स्वतःची उष्णता किरणांनी बाहेर टाकण्याची क्षमता) फार कमी असते. त्यात कॅमेऱ्याला जोडापेक्षा आकाशाचेच प्रतिबिंब दिसते. त्यामुळे आकडा नुसता वाचू नये, तिन्ही फेजचे तेच जोड एकमेकांशी ताडावेत. सारख्या भाराखाली १५ अंशांहून जास्त फरक असेल तर काम तातडीचे.

इथेही पिक्सेल सुटत नाही. ६४० बाय ५१२ चा, १२ मायक्रॉनचा आणि १३ मिलिमीटर लेन्सचा थर्मल कॅमेरा १० मीटरवरून एका पिक्सेलमध्ये ९ मिलिमीटर घेतो. विश्वासार्ह तापमानाला निदान ३ बाय ३ पिक्सेल लागतात, म्हणजे सुमारे २८ मिलिमीटर. पीजी क्लॅम्प (दोन समांतर तारा जोडणारा) त्यात बसतो. तारांच्या प्रकारांतली ‘डॉग’ तार १४ मिलिमीटरची, ‘रॅबिट’ १० ची, ‘वीझल’ ८ हूनही कमी. त्यांच्या पिक्सेलमध्ये मागचे थंड आकाश मिसळते आणि तापलेली तारही गार वाटते.

‘आमचे मॉडेल ९९ टक्के अचूक’ या वाक्याला भुलू नये. समजा १०,००० इन्सुलेटर आहेत आणि त्यांतले १०० खराब आहेत. काहीही न पाहता ‘सगळे चांगले’ म्हणणारा दगडसुद्धा ९९ टक्के अचूक ठरतो. विचारायचे ते वेगळे: १०० पैकी किती पकडले आणि चांगल्यांपैकी किती उगाच दोषी ठरवले. ९० पकडले आणि उरलेल्या ९,९०० पैकी २ टक्क्यांना खोटी हाक दिली, तर यादीत २८८ नावे येतात. त्यांतली ९० खरी, १९८ खोटी, शिवाय १० निसटलेली. हे वाईट नाही. कनिष्ठ अभियंता १०,००० फोटो पाहू शकत नाही, पण २८८ एका दुपारी नक्की पाहतो. यंत्राचा खरा फायदा एवढाच आहे, आणि तो लहान नाही. फक्त खोट्या हाकांपायी लाईनमन २८८ खांबांवर चढवू नका. आधी पडद्यावर चाळणी, मग शिडी. शाळेच्या किंवा रस्त्याच्या वरून गेलेल्या तारांसाठी हाक देण्याची पातळी मुद्दाम खाली ठेवावी, चार खोट्या आल्या तरी चालतील.

शिकवायचे फोटो आपल्याच खांबांचे हवेत, आणि दोषाभोवती चौकट आखायला ज्याने ते हातात धरून बदलले आहेत असा माणूस हवा. कोळ्याचे जाळे, कावळ्याचे घरटे, पतंगाचा दोरा, पक्ष्याची शीट आणि फ्लॅशओव्हरचा डाग यांतला फरक शहरात बसून रोजंदारीवर चौकटी आखणाऱ्याला कळत नाही. प्रत्येक दोषाचे सुरुवातीला ३००-५०० खरे फोटो तरी जमवावेत. बदलून काढलेले फुटके इन्सुलेटर भंगारात टाकण्याआधी जुन्या खांबावर बसवून सगळ्या बाजूंनी टिपले तर दुर्मीळ दोषांचे फोटो फुकट मिळतात. एकाच फोटोवर दोघांनी वेगवेगळ्या चौकटी आखल्या तर तिसऱ्या अनुभवी माणसाने निवाडा करावा. परीक्षेसाठी एक अख्खा फीडर बाजूला ठेवावा. एकाच खांबाचे काही फोटो शिकवणीत आणि काही परीक्षेत गेले, तर मॉडेल तो खांब पाठ करून पास होते.

आणि शीर्षकातला नंबर. दोष सापडला, पण खांब कोणता? माडांच्या दाटीत फोनचे जीपीएस ५ ते १० मीटर चुकते, आणि तिठ्यावर किंवा ट्रान्सफॉर्मरपाशी तेवढ्यात दोन-तीन खांब उभे असतात. म्हणून प्रत्येक खांबावर फीडर आणि क्रमांक ठळक रंगवलेला हवा, आणि खांबाच्या फोटोमालिकेतला पहिला फोटो त्या क्रमांकाचा. त्यानंतर पूर्ण खांब, माथा दोन बाजूंनी, जोड आणि जंपर (दोन तारांना जोडणारा लहान तुकडा), खांबाचे बूड. ट्रान्सफॉर्मर असेल तर बुशिंग, ब्रीदर आणि फ्यूज वेगळे. हे सहा-आठ फोटो नेहमी त्याच क्रमाने. घरांच्या खिडक्या, बाल्कन्या फोटोत येतातच. साठवण्याआधी तो भाग धूसर करावा, नाहीतर वाड्यावर वाद ठरलेला.

वेळही बदलावी लागेल. मे महिन्यात तपासणी केली तर सापडलेला दोष दुरुस्त करायला ना साहित्य असते ना शटडाऊन. चवथ आटोपून पाऊस ओसरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात फोटो घ्यावेत. पावसाने मोडलेले तेव्हा ताजे दिसते आणि हवा धुतलेली असल्याने उजेड स्वच्छ असतो. डिसेंबरात चाळणी, जानेवारीपर्यंत साहित्याची मागणी, फेब्रुवारी ते एप्रिल दुरुस्ती, समुद्रपट्ट्यात धुलाई. मेमध्ये फक्त झाडांची आणि आधीच्या यादीत राहिलेल्यांची फेरी.

निविदा काढायचीच असेल तर तीन अटी घालाव्यात. मूळ फोटो, आखलेल्या चौकटी आणि शिकलेले मॉडेल वीज खात्याच्या मालकीचे राहील. पैसे किलोमीटरवर न देता दोष पकडण्याच्या प्रमाणावर, दोषाच्या प्रत्येक प्रकाराला वेगळे मोजून द्यावेत. आणि स्वीकृतीच्या चाचणीत खात्याने स्वतः आधी तपासलेला, ठेकेदाराला न सांगितलेला एक फीडर असावा.

नागरिकांनाही यात करण्यासारखे आहे. चुडत तारेवर लोंबत असेल, तार सैल दिसत असेल तर लांबून एक फोटो खांबाच्या नंबरासह आणि एक संपूर्ण खांबाचा, असे दोन घेऊन १९१२ वर कळवावे. ओल्या बांबूने ते चुडत ओढायला कुणी जाऊ नये. ओला बांबू वीज खाली आणतो, आणि पायाखालची जमीनही तेव्हा ओलीच असते.

आपला,
वाहिन्यांच्या देखभालीतला एक वीज अभियंता
फोंडा, गोवा